वीस तुकड्यांचा किनारा

माझ्या आत्येच्या थोरल्या दिरांना आयुष्यात एकही लहान गोष्ट करता आलेली नाही. मला वाटायचं, त्यांनी कधी प्रयत्नच केला नसेल. पण आत्ये सांगते की केला होता. एकदा त्यांनी कुणाच्या तरी साखरपुड्याच्या अंगठीवर नाव कोरून द्यायचं कबूल केलं होतं आणि शेवटी ते नाव अंगठीच्या डबीवर आलं, तेही दोन ओळींत. मी त्यांना काका म्हणते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुणाबद्दल असं बसून लिहायची सवय आम्हां कुणालाच नाही. माझं काही पुढेमागे झालं तर सांभाळून घ्यावं. जास्त लिहिलं गेलं तर मात्र मी माफी मागणार नाही. काकांच्या मापाने ते कमीच पडेल.

काका पेंटर. मालवण बंदरात लागणाऱ्या होड्यांवर नावं घालणं हा त्यांचा मूळ धंदा. होडीच्या पुढच्या बाजूला हातभर जागा असते, तिच्यात देवाचं नाव बसवायचं असतं. ते बाकीच्या पेंटरांना बसवता यायचं. काका पहिलं अक्षर असं घालायचे की बघणाऱ्याला वाटावं, हे गलबत आहे. मग उजव्या अंगाला ‘श्री देव रामे’ इथवर आलं की होडी संपायची आणि उरलेलं ‘श्वर प्रसन्न’ डाव्या अंगाला जायचं. एका बाजूने पाहणाऱ्याला देव अर्धाच दिसे आणि दुसऱ्या बाजूने पाहणाऱ्याला कोण प्रसन्न झालं ते कळत नसे. एक होडीवाला चिडून म्हणाला होता, “ओ पेंटर, माझी होडी लहान काय तुमचो ब्रश मोठो?” काका शांतपणे म्हणाले, “देवाचा नाव आसा. बारक्या अक्षरात लिवन माका दर्याक चष्मो लावूचो नाय.” होडीवाल्याने पुढच्या वर्षी होडीचं नाव बदलून ‘आई’ ठेवलं. ते मात्र एका बाजूला बसलं.

आमच्या शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशाही काकांचाच. वर छपराजवळ सुरुवात झाली, नंदुरबार खिडकीच्या कोपऱ्याशी आलं, पुणं दाराच्या कडीपर्यंत पोचलं, आणि कोकण जसजसं खाली उतरू लागलं तसतशी भिंत संपत आली. शेवटी आमचा सिंधुदुर्ग जोत्यावर उतरला. बाकीचा महाराष्ट्र उभा आणि आम्ही आडवे. मी पहिलीत होते तेव्हा आम्ही सगळ्या मुली सावंतवाडीवर चपला काढून वर्गात जात असू. गुरुजींनी काकांना बोलावून विचारलं, तर ते म्हणाले, “गुरुजी, आपलो जिल्हो मोठो आसा. भिंत लहान बांधल्यानी त्येका मी काय करू?” गुरुजींनी पुढे चपला ठेवायला गोव्याच्या बाजूला एक फळी टाकून घेतली.

मग फ्लेक्स आले आणि पेंटरांचा धंदा बसला. बाकीचे पेंटर फ्लेक्सवाल्यांना शिव्या घालत घरी बसले. काका मालवणातल्या फ्लेक्सच्या दुकानात गेले आणि तीन दिवस स्टुलावर बसून त्या छपाईच्या यंत्राकडे पाहत राहिले. यंत्राचं तोंड इकडून तिकडे जातंय, रंग पडतोय, गुंडाळी पुढे सरकतेय. चौथ्या दिवशी त्यांनी निकाल दिला: “ह्या बरा आसा. हेची भिंत संपणा नाय.” भाच्याने मुंबईहून जुना लॅपटॉप पाठवला. माझं पहिल्या वर्षाचं प्रोग्रामिंगचं पुस्तक ते मागून घेऊन गेले. महिनाभराने मी परत आणायला गेले तर पुस्तक जसंच्या तसं होतं, आणि त्यातले प्रोग्राम काकांनी ब्रशने जुन्या पत्र्यांच्या बोर्डांमागे उतरवून अंगणात उन्हात मांडले होते. वही त्यांना पुरत नाही. ‘थंडगार सोलकढी मिळेल’ या बोर्डाच्या पाठीवर पुन्हा पुन्हा फिरणारा एक लूप सुरू व्हायचा आणि ‘येथे सायकली भाड्याने’च्या पाठीवर संपायचा. चूक सापडली की ते पत्रा उचलून आडवा करत आणि टर्पेंटाइनने पुसत. आमच्या कॉलेजात मीच काय, आमच्या सरांनीही प्रोग्रामातली चूक टर्पेंटाइनने पुसलेली नाही. पण खरं सांगायचं तर कंस कुठे उघडला आणि कुठे बंद झाला, हे मला जेवढं त्या पत्र्यांवर कळलं तेवढं वर्गात कळलं नव्हतं. वर्गात मी विचारत नसे. आपल्याला येत नाही हे चारचौघांत सांगण्यापेक्षा मान हलवलेली बरी, अशी माझी समजूत होती. पुढे जे घडलं ते या समजुतीमुळेच.

काकांना एक थोरली बहीण आहे. सगळे तिला आक्का म्हणतात, म्हणून मीही. आक्काचं सगळं आयुष्य आमच्या वाडीच्या किनाऱ्यावर गेलं. मासे निवडणं, वाळवणं, टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठणं. नवरा गेल्यावर आणि मांडीचं हाड मोडल्यावर लेकीने तिला आंबोलीला नेलं. आंबोलीत सगळं आहे, थंडी आहे, धुकं आहे, पाऊस तर मोजता येणार नाही एवढा आहे, समुद्र नाही. त्यातच आक्काची नजर जाऊ लागली. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्याने तिला फक्त नाकाला टेकेल एवढ्या अंतरावरचं दिसे, आणि तेही किती दिवस हे डॉक्टर सांगायला तयार नव्हते. एकदा फोनवर ती काकांना म्हणाली, “बाबू, सगळा विसरतलंय तेचा वायट नाय. किनारो विसरूक नको होतो.” काकांनी त्याच क्षणी सांगून टाकलं, “अख्खो किनारो आणून तुझ्या भिंतीर लावतंय.”

तिला एकदा गाडीत घालून वाडीत आणावं, असं आत्येने सुचवलं. काका म्हणाले, “तिका दर्यार नेऊन उपेग काय? दर्या काय तिच्या नाकार येऊन बसतलो?” हे अगदी खरं होतं. साधा फोटो नेऊनही उपयोग नव्हता. त्यात माणसं मुंगीएवढी. आक्काला नाक लावून पाहता येईल, आणि नाक लावलं तरी खडकावरचा कालवाचा शिंपलाही स्पष्ट दिसेल, असा किनारा हवा होता. थोडक्यात, आयुष्यभर काका ज्या मोठ्या चित्राची वाट पाहत होते ते चित्र आता खरोखरच कुणाला तरी हवं होतं.

त्यांनी पौर्णिमेची ओहोटी पाहून एक संध्याकाळ ठरवली. पाणी खाली गेल्यावर ते पाण्याच्या कडेने, जमिनीकडे तोंड करून, दक्षिणेच्या खडकापासून खाडीच्या तोंडापर्यंत चालले. चार पावलं, एक फोटो. पुन्हा चार पावलं, एक फोटो. असे दोनशे फोटो. प्रत्येक फोटोचा अर्धा भाग पुढच्या फोटोतही यावा, म्हणजे सांधता येतील, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. ऊन पाठीमागून येत होतं, त्यामुळे प्रत्येक फोटोत खालच्या बाजूला त्यांची लांबलचक सावली पडली. शिवाय वाडीतला एक तांबडा कुत्रा त्यांच्याबरोबर पुढे पुढे चालत राहिला, त्यामुळे तोही येत राहिला. माडांची डोकी वर कापली गेली. काकांना त्याचं फार वाईट वाटलं, पण आक्का आता वर बघत नाही, असं म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली.

“गो चेडवा,” ते मला म्हणाले, “तू कम्प्युटर शिकतंस मां? हे दोनशेचा एक करून दी.”

मी मान हलवली.

दोनशे फोटोंची मिळून फाइल एक जीबीची होती आणि लॅपटॉपची मेमरी चार जीबीची, म्हणजे आरामात मावेल, असा माझा हिशेब. मी प्रोग्राम लिहिला: आधी पूर्ण मापाचा एक कोरा कागद तयार करायचा, मग दोनशे फोटो उघडून त्यावर ओळीने चिकटवायचे. बटण दाबलं. लॅपटॉपने थोडा विचार केला आणि लाल अक्षरांत कळवलं की मेमरी अपुरी आहे. पहिल्याच ओळीवर.

काका खुर्चीतून अर्धे उठले. “अजून एक ठिपको पण काढूक नाय! कोरो कागद मागलंय. कोऱ्या कागदाक पण ह्येच्याकडे जागा नाय?”

मी चाचरत समजावून सांगितलं की यंत्रासाठी कोरं असं काही नसतं. चित्र म्हणजे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे. पांढऱ्या ठिपक्यालाही तीन आकडे लागतातच.

काकांचा चेहरा उजळला. “बरोबर! पांढरोय डब्यातसूनच काढूचो लागता.” त्यांनी लगेच एक पत्रा ओढला आणि ब्रशने गुणाकार मांडला. रुंदी तीन लाख ठिपके, उंची चार हजार. एकशेवीस कोटी ठिपके. तिपटीने तीनशेसाठ कोटी आकडे. पण फोटोंची फाइल तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही नव्हती, हे मला कोडं पडलं. ते त्यांनी सोडवलं. “होडयेत पडलेला जाळा बघलंस मां? एका कोपऱ्यात मावता. ताच रेवेर सुकत घातला की माणसाक चलूक वाट नाय. फाइल म्हणजे गुंडाळलेला जाळा गो. ह्या मशीनाक ता पसरल्याबिगर काम करूक येना नाय.” हे वाक्य मी नंतर परीक्षेत थोड्या वेगळ्या शब्दांत लिहिलं आणि मला त्याचे पूर्ण गुण मिळाले.

तीनशेसाठ कोटी आकडे, आणि मेमरीत जागा चारशे कोटींच्या आसपास. म्हणजे तरीही मावायला हवं होतं! पण यंत्राचा स्वतःचा संसार त्याच मेमरीत असतो, तो निम्मी जागा अडवून बसतो, हे मी विसरले होते. काका विसरले नाहीत. त्यांनी यंत्राचा संसार कमी करायला घेतला. उघडलेलं सगळं बंद केलं. पडद्यावर देवाचा फोटो होता, तो काढताना हात जोडून म्हणाले, “देवा, वायच बाजूक हो, किनारो येवचो आसा.” घरात टीव्ही लावायला बंदी घातली, टीव्हीचा आणि लॅपटॉपचा संबंध नाही असं मी सांगितलं, तर म्हणाले, “संबंध नाय म्हणानच बंद ठेव, उगीच ओळख नको.” दुकानात नेऊन मेमरी वाढवायला सांगितली. दुकानदार म्हणाला, या मॉडेलमध्ये याहून जास्त बसत नाही. काकांना राग येईल असं मला वाटलं होतं. त्यांना लॅपटॉपचा उलट अभिमानच वाटला. “बघ, कितको प्रामाणिक! मावना नाय म्हणजे मावना नाय. तोंडार सांगता. माणूस असतो तर ‘बघतंय, करतंय’ म्हणान आठ दिवस फिरवीत रवलो असतो.”

मला हे ऐकून मान खाली घालावीशी वाटली, कारण तोवर मीही आठ दिवस ‘बघतंय, करतंय’च म्हणत होते. आणि नवव्या दिवशी मी काय केलं, तर प्रत्येक फोटो पाचपट लहान केला आणि जोडला. झटक्यात जमलं. पडद्यावर सुंदर दिसत होतं, मोठं करून पाहायचं काकांना सुचलं नाही. “जमला?” त्यांनी विचारलं. “जमला,” मी म्हटलं. लहान केलंय, हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला खरं काम येत नाही हेही सांगावं लागलं असतं.

फ्लेक्सच्या दुकानात छपाईवाल्याने विचारलं, “बड्डे कुणाचो?” त्याच्याकडे येणारे बहुतेक फ्लेक्स वाढदिवसाचेच. काका म्हणाले, “किनाऱ्याचो.” दीड फूट उंच आणि शंभर फुटांहून लांब अशी पट्टी निघाली. कागदाला आंबोलीत बुरशी येते, म्हणून फ्लेक्सच. ती गुंडाळी मांडीवर घेऊन आम्ही दोन एसटी बदलून घाट चढलो.

आक्काच्या लेकीने आणि आम्ही ती पट्टी पडवीपासून लावायला घेतली. माजघरातून, बोळातून, स्वयंपाकघराच्या भिंतीने मागच्या दारापर्यंत. दोन हातांवरून पाहिलं तर किनारा खरोखर घरात आला होता. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आक्का काठी टेकत आली आणि तिने भिंतीला नाक लावलं.

तिने नाक वरून खालपर्यंत फिरवलं. मग थोडी सरकली, पुन्हा नाक लावलं.

“बाबू,” ती म्हणाली, “हयसर माणसा खंय आसत रे? नुसते चौकोन दिसतत माका. माझे डोळे आणखी गेले काय?”

तिला वाटलं, दोष तिच्या डोळ्यांचा आहे. काकांनी भिंतीला स्वतःचं नाक लावलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “आक्का, तुझे डोळे बरे आसत. मीच फोटो बारके केले. मोठे मावना नाय होते.”

आक्काने सुटकेचा श्वास सोडला. “मगे काय नाय,” ती म्हणाली, आणि मला मूठभर भाजलेल्या काजूबिया आणून दिल्या. काकांनी पट्टी काढली नाही. आम्ही परत निघालो. एसटी घाट उतरून सपाटीला येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग एवढंच म्हणाले, “त्या मशीनान पयल्याच दिवशी सांगल्यान, मावना नाय. तू कित्याक नाय सांगलंस गो?” आवाजात राग नव्हता. खरोखरच न कळल्यासारखं त्यांनी विचारलं होतं. या वेळी मी मान हलवली नाही. “माका येना नाय, काकानू,” मी म्हटलं. “कसा करूचा ता माका खराच येना नाय.” काका लगेच सरसावून बसले. “मगे बरा झाला,” ते म्हणाले. “माकाय येना नाय. आता दोघा मिळान शोधूया.”

ते आम्हांला सापडलं ते लॅपटॉपपुढे नाही. त्या आठवड्यात वाडीत रापण लागली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल सोडतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाडीतली माणसं वाळूवर उभी राहून ओढतात. दोरी धरून मागे मागे जात माणूस वरपर्यंत पोचला की दोरी सोडतो, चालत पुन्हा पाण्याशी जातो आणि तिथून नव्याने धरतो. हे आम्हांला शिकवावं लागत नाही. पण हल्ली पर्यटक हौसेने मदतीला येतात. त्या दिवशी एक गृहस्थ दोरी धरून वर पोचले आणि फोटो काढून घेण्यासाठी तिथेच धरून उभे राहिले. त्यांच्या मागे आणखी तिघे तसेच. पाण्याशी माणूसच उरला नाही. रापण अडली.

काका ओरडले, “ओ साहेब, सोडा! सोडा म्हणतंय मां! वर आलात की दोरी सोडायची आणि पुन्हा पाण्याशी जायचं. आलेली दोरी धरून उभे रवलात तर पुढची काय मासे ओढतले?”

लोक हसले. साहेबांनी दोरी सोडली. आणि काका दोरी हातात धरून तसेच थांबले, त्यामुळे आता त्यांच्यावर लोक ओरडू लागले. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “गो चेडवा, तुझो प्रोग्राम दोरी सोडता काय?”

नव्हता सोडत. माझा प्रोग्राम फोटो उघडायचा आणि धरून ठेवायचा. दुसरा उघडायचा, तोही धरायचा. एकदा चिकटवलेल्या फोटोची पुन्हा गरज नव्हती, फक्त शेवटच्या फोटोची कड पुढच्याशी जुळवायला हवी होती. आणि तो अवाढव्य कोरा कागद तरी कुणासाठी? छपाईचं यंत्र अख्खं चित्र एका वेळी कधी पाहतच नाही. गुंडाळी पुढे सरकते तसं ते छापत जातं. अख्खा किनारा एका वेळी हातात धरायची गरज कुणालाच नव्हती. मला आणि काकांना ती आहे असं उगीच वाटत होतं.

आम्ही दहा दहा फोटोंचे वीस तुकडे करायचं ठरवलं. एक तुकडा जोडायचा, डिस्कवर लिहून टाकायचा, सोडायचा, शेवटचा फोटो तेवढा हातात ठेवून पुढे जायचं. काकांनी ‘सोड’ ही ओळ पत्र्यावर एवढी मोठी लिहिली की बाकीचा प्रोग्राम दुसऱ्या पत्र्यावर गेला. लॅपटॉप एकदाही कुरकुरला नाही. तीच चार जीबी, तेच एकशेवीस कोटी ठिपके, एकही कमी नाही. विसावा तुकडा लिहून झाला तेव्हा काकांनी लॅपटॉपवरून हात फिरवला, जसा रापण आल्यावर होडीवरचे म्होरके, म्हातारे तांडेल, जाळ्यावरून फिरवतात. मग देवाचा फोटो पडद्यावर परत लावला.

दोन गोष्टी राहिल्या. वीस तुकडे वेगवेगळे छापून भिंतीवर एकापुढे एक लावायचे, म्हणजे एकोणीस ठिकाणी सांधे दिसणार. मला ते फार खटकत होते. आणि काकांची सावली काढायची होती. सावली काढणारा प्रोग्राम मी शोधून शिकेन म्हटलं, पण त्याला आणखी महिना गेला असता. आंबोलीहून लेकीचा फोन आला होता की आता आक्काला ताटातला भातही चाचपून बघावा लागतो. आम्ही आहे तसं छापलं आणि शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी घाट चढून जुन्या पट्टीच्या जागी वीस तुकडे लावले.

या वेळी आक्काने पडवीत पहिल्या तुकड्याला नाक लावलं आणि ती हसली. मग सरकत सरकत, नाक भिंतीला, एक हात काठीवर, ती अख्खी दुपार किनाऱ्याने चालली. आम्ही मागून. “ह्यो माझो खडक. हयसर मी बांगडे सुकत घालय.” “ही विहीर. कठडो मोडलो काय गो?” “अगो, ही आमची शेजारीण! अजून लुगडा तसाच नेसता.” बोळात आल्यावर तिने विचारलं, “आमच्या वाडीत येवढे कुत्रे कधी झाले रे?” सगळे तांबडे, आणि सगळ्यांचा एक कान पडलेला! कुत्रा एकच आहे हे तिला काकांनी सांगितलं नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीशी ती थांबली आणि बोट खाली टेकवलं.

“ही सावली कोणाची, मेल्या? पयल्यापासून आसा. वाकलेली.”

काका ओशाळले. “माझी. काढूक व्हयी होती. ऱ्हवली.”

“ऱ्हवूंदे,” आक्का म्हणाली. “येवढ्या वाटेर माझ्यावांगडा कोण चलतलो?”

काकांना बाहेर जाऊन एसटीची वेळ बघायची आठवण झाली. एसटीला दोन तास होते.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. आक्काची नजर पावसाळ्यात पूर्ण गेली. मला वाटलं, संपलं. भिंतीवर आता नुसता फ्लेक्स. पण ती अजून रोज चालते. तळवा भिंतीला लावून, सांधे मोजत. मला खटकणारे ते एकोणीस सांधे. तिसऱ्या सांध्याला तिचा बांगड्यांचा खडक, सातव्याला विहीर, बाराव्याला रापणीची होडी, हे तिला बोटांनी पाठ झालंय. चित्र एकसंध निघालं असतं तर भिंत सगळीकडे सारखीच गुळगुळीत लागली असती.

आणि रोज संध्याकाळी ऊन कललं की काका फोन घेऊन किनाऱ्यावर जातात. तिकडे आक्का पडवीत पहिल्या तुकड्यावर हात ठेवते, इकडे काका दक्षिणेच्या खडकाशी उभे राहतात, आणि दोघं निघतात. अडचण एवढीच की आक्काचा किनारा शंभरेक फुटांचा आणि काकांचा खरा. तिची वीस-पंचवीस पावलं होतात तेवढ्यात काकांना वाळूतून विहिरीपर्यंत धावावं लागतं. सत्तरीला आलेला माणूस, एका हातात चपला आणि एका हातात फोन, धापा टाकत चाललेला; पर्यटक थांबून बघतात. पुढे तो तांबडा कुत्रा असतोच. काल मीही होते त्यांच्याबरोबर. फोनमधून आक्काचा आवाज येत होता, “मी सातव्याक इलंय. खंय पोचलंस?”

“इलंय गो,” काका म्हणाले, “वायच थांब.” त्यांनी फोन लाटेच्या अगदी जवळ खाली धरला आणि चपलांचा हात गुडघ्यावर टेकून श्वास घेत तसेच वाकून उभे राहिले. त्यांची सावली विहिरीपर्यंत पोचली होती. पलीकडे, घाटावर, आक्का सातव्या सांध्यावर हात ठेवून थांबली होती. पाणी आलं, परत गेलं.

“बरा,” ती म्हणाली. “चल आता.”